पराभूताच्या हातची विजयचित्रे

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ तीस-पस्तीस वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी करून कायमचे घरी परतले. भेटीला आले तेव्हा त्यांनी काखेत कागदात गुंडाळलेली एक चौकट आणली होती. इंग्लंडच्या कोठल्या तरी बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ती मिळाली होती. आत एक समुद्रचित्र होते. उंच खडकावर किल्ला, त्याच्या पायथ्याशी तीन प्रचंड शिडाची जहाजे, आणि दोहोंच्या मध्ये धुराचे ढगच्या ढग. मूळ छापाची ती अलीकडील प्रतिकृती होती, आणि दुकानदाराने तसे प्रामाणिकपणे सांगितलेही होते. आमच्या पाहुण्यांनी चष्मा पुसून चित्राचे बारकाईने परीक्षण केले आणि निर्णय दिला, "फादर, एकही दोर चुकलेला नाही. काढणारा समुद्रावर गेलेला माणूस आहे." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "पण माणसं बघा. मुंगीएवढी. एवढ्या जहाजांवर दीड-दोन हजार माणूस असेल. गेला कुठं?"

त्यांचा पहिला तर्क किती अचूक होता हे आम्हांला पुढे कळले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हांला बरेच महिने कामाला लावले.

प्रथम आमचे लक्ष गेले ते चित्राखालच्या समासाकडे. सेमिनरीत घोटून घेतलेली लॅटिन भाषा आता मिस्सेतही फारशी उपयोगी पडत नाही. ती अशा अनपेक्षित ठिकाणी भेटली की जुना वर्गमित्र भेटल्यासारखे वाटते. त्या काळच्या छापील चित्रांखाली अगदी बारीक अक्षरांत दोन-तीन नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एकेक लॅटिन क्रियापद. 'देलिनेआवित' म्हणजे याने रेखाटले, 'पिंक्सित' म्हणजे याने रंगविले, 'स्कुल्पसित' म्हणजे याने कोरले. एका चित्रामागे तीन माणसे कशी, हे समजून घ्यायचे तर ही चित्रे कशी बनत ते थोडे पाहावे लागेल.

आधी कोणी तरी प्रसंगाचे रेखाटन करी. त्यावरून चित्रकार तैलचित्र तयार करी. मग कोरणारा कारागीर गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उतरवी. काही रेषा आम्लाने खाववून, काही पोलादी टोकाच्या हत्याराने थेट खोदून. पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून टाकायची, खाचांत उरलेली तेवढी राहू द्यायची, ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्राच्या रुळांतून काढायचा. छाप उलटा उमटतो, म्हणून कोरणाऱ्याला सगळे चित्र आरशातल्यासारखे, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे असे खोदावे लागे. यात गफलत झाली तर वारा भलत्याच बाजूने वाहू लागे आणि किल्ला बंदराच्या दुसऱ्या तीरावर जाऊन बसे! तांबे मऊ धातू असल्याने काही शे प्रती काढल्या की रेषा झिजत. म्हणून आधीच्या प्रतींना संग्राहक अधिक किंमत देतात. रंग हवा असल्यास तो प्रत्येक प्रतीवर हाताने भरावा लागे. लंडनमध्ये अशा चित्रांच्या विक्रेत्यांची दुकाने सेंट पॉल कथीड्रलच्या भोवतालच्या रस्त्यावर होती. छायाचित्र नव्हते त्या काळात विजयाची वार्ता लोकांनी आधी ऐकावी आणि काही महिन्यांनी दुकानाच्या काचेत पाहावी, असा क्रम असे.

युद्धाची चित्रे काढण्यासाठी प्रत्यक्ष युद्धात जाण्याची प्रथा डच लोकांनी पाडली. विलेम व्हान दे व्हेल्दे हा थोरला चित्रकार सतराव्या शतकात एका लहानशा गलबतात बसून इंग्रज-डच आरमारांच्या झुंजींच्या आसपास हिंडत असे आणि तोफा गर्जत असताना कागदावर जहाजांच्या आकृती काढीत असे. पुढे १६७२-७३ च्या हिवाळ्यात तो आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा इंग्लंडला गेले, म्हणजे कालच्या शत्रूकडे. आणि १६७४ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना सालीना प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले. बापाने युद्धे रेखाटावीत, मुलाने ती रंगवावीत. इंग्रजांच्या समुद्रचित्रांची परंपरा ही अशी परक्यांनी रुजविलेली आहे. आमच्या चौकटीतील चित्राची कथा तर याहून विलक्षण निघाली.

चित्रातला किल्ला म्हणजे क्यूबा बेटावरील हवाना शहराचा मोरो. स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याची किल्ली म्हणून हवाना बंदर ओळखले जाई. सप्तवार्षिक युद्धाच्या अखेरीस, १७६२ च्या जानेवारीत, इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध जाहीर झाले आणि इंग्रजांनी त्या किल्लीवरच हात टाकायचे ठरविले. आरमाराचा सेनापती सर जॉर्ज पोकॉक, भूदलाचा सेनापती अल्बेमार्लचा अर्ल जॉर्ज केपेल. त्याचा एक भाऊ ऑगस्टस आरमारात दुय्यम अधिकारी, दुसरा भाऊ विल्यम भूदलात. एका घरचे तीन भाऊ एकाच मोहिमेवर, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. लुटीच्या हिशेबात ते पुन्हा भेटणार आहेत.

सुमारे २०० जहाजांचा हा तांडा नेहमीचा मार्ग सोडून जुन्या बहामा खाडीतून गेला. दोन्ही बाजूंना उथळ खडक, मधे चिंचोळी वाट. इंग्रजांनी पुढे होड्या पाठवून खडकांवर खुणा म्हणून उभ्या केल्या, रात्री दिवे पेटविले आणि तांडा सुखरूप पार नेला. ६ जून रोजी शिडे हवानासमोर दिसली तेव्हा शहराचा गव्हर्नर हुआन दे प्रादो याला प्रथम खरेच वाटेना. स्पॅनिशांनी घाईने बंदराच्या तोंडावर आपलीच तीन मोठी जहाजे बुडवून वाट बंद केली. शत्रू आत येऊ शकला नाही. पण आतले आरमारही बाहेर पडू शकले नाही. आम्हांला युद्धशास्त्र कळत नाही, तरी ही चाल फारशी शहाणपणाची वाटत नाही.

आमच्या चित्रातला दिवस १ जुलैचा. त्या दिवशी 'केंब्रिज', 'ड्रॅगन' आणि 'मार्लबरो' ही जहाजे मोरोच्या पायथ्याशी नांगर टाकून तोफा डागू लागली. किल्ला इतक्या उंचावर की जहाजांच्या तोफांची तोंडे तेवढी वर होईनात, आणि वरून येणारे गोळे मात्र नेमके डेकवर पडत. काही तासांनी तिन्ही जहाजे मोडक्या डोलकाठ्या आणि फाटकी शिडे घेऊन मागे फिरली. 'केंब्रिज'चा कप्तान गूस्ट्री मारला गेला. तिन्ही जहाजांवर मिळून सुमारे १८० माणसे मेली किंवा जखमी झाली. तोफखाना काही काळ समुद्राच्या बाजूला गुंतून राहिला एवढाच लाभ. म्हणजे दुकानाच्या काचेत गौरवाने झळकलेले हे चित्र खरे पाहता एका फसलेल्या हल्ल्याचे आहे. धूर सुरेख, पताका फडफडणाऱ्या, दोर अचूक. अपयश तेवढे धुरामागे.

मोरो पडला तो जमिनीकडून. खडकात सुरुंग खोदून ३० जुलै रोजी इंग्रजांनी तटाला भगदाड पाडले आणि आत घुसले. किल्ल्याचा रक्षक लुईस दे वेलास्को मूळचा आरमारी कप्तान. छातीत गोळी लागून तो पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ माद्रिदच्या सान फेर्नांदो कला अकादमीने पदक काढले. शहराने ऑगस्टच्या मध्यास शरणागती पत्करली. बंदरात अडकलेली नऊ मोठी युद्धजहाजे इंग्रजांच्या हाती लागली.

फिलिप ऑर्सब्रिज नावाचा इंग्रज आरमारातील लेफ्टनंट या मोहिमेवर हजर होता. त्याच्या रेखाटनांवरून हवाना मोहिमेच्या १२ चित्रांची मालिका लंडनमध्ये तयार झाली. बहामा खाडी, सैन्याचे उतरणे, मोरोवरील मारा, शहराचा पाडाव असे क्रमाने प्रसंग. आमच्या चौकटीतील चित्र याच मालिकेतले. रेखाटणारा ऑर्सब्रिज. कोरणाऱ्यांत प्रमुख पिएर शार्ल कॅनो, हा लंडनमध्ये स्थायिक झालेला फ्रेंच मनुष्य. आणि रंगविणारा डॉमिनिक सेरेस.

या सेरेसचे चरित्र आम्ही वाचले आणि पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. तो फ्रेंच, गास्कनी प्रांतातील ओश गावी १७२२ साली जन्मलेला. घरच्यांनी त्याला धर्मगुरू करायचे योजिले होते, आणि ते टाळण्यासाठी तो घरातून पळाला व पायीच स्पेनला जाऊन खलाशी झाला, असे सांगतात. (सेमिनरीतून पळणारी मुले आम्हीही पाहिली; पण ती दुसऱ्या एस.टी.ने घरी पोहोचत.) खलाशाचा तो जहाजाचा तांडेल झाला, हवानाशी व्यापार करणाऱ्या जहाजावर गेला, आणि युद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी त्याचे जहाज पकडले. कैदी म्हणून तो इंग्लंडला आला. सुटका झाल्यावर परत गेला नाही. हाती कुंचला घेतला, आणि ज्यांनी त्याला पकडले त्यांचेच विजय रंगवू लागला. ज्या बंदराच्या व्यापाराने त्याला कप्तानपण दिले, त्याच बंदराचा पाडाव त्याने १२ ताम्रपटांसाठी रंगविला. पुढे केपेल घराण्याने याच मोहिमेची तैलचित्रांची स्वतंत्र मालिका त्याच्याकडून करवून घेतली. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा संस्थापक सभासदांत समुद्रचित्रकार एकच होता, तो हा पळालेला फ्रेंच मुलगा. १७८० मध्ये तो राजा तिसरा जॉर्ज याचा समुद्रचित्रकार झाला आणि १७९३ मध्ये लंडनमध्ये वारला.

त्याला फितूर म्हणावे काय? आम्हांला तसे म्हणवत नाही. पोट सर्वांना असते, आणि कैदेतून सुटलेल्या परक्याला निवड करायला फारशी जागा नसते. शिवाय तो खोटे काढीत नसे. आरमारी अधिकारी हेच त्याचे गिऱ्हाईक, आणि ते मोठे चिकित्सक. वारा या दिशेचा असताना ते शीड असे कसे फुगले, हा प्रश्न ते लगेच विचारीत. म्हणून चित्रकार रोजनाम्यांतील नोंदी, नकाशे, प्रत्यक्षदर्शींची रेखाटने जमवून मगच काम सुरू करी. जहाजांपुरते बोलायचे तर या चित्रांची साक्ष कोर्टातही टिकेल. उणीव आहे ती साक्षीदाराला काय विचारले गेले यात.

त्याला तापाबद्दल विचारले गेले नाही. हवानाला वेढा पडला तो नेमका पावसाळी, डासांचा हंगाम. पीतज्वर आणि अतिसार यांनी छावणी अक्षरशः कापून काढली. जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इंग्रज भूदलातील सुमारे ४,७०० माणसे रोगाने मेली. लढाईत पडलेले आणि जखमांनी मेलेले मिळून सहाशेच्याही आत. आरमारात मेले ते वेगळे. डास हे त्या ज्वराचे कारण हे कळायला आणखी १३८ वर्षे जायची होती, आणि ते सिद्ध झाले तेही हवानाजवळच, १९०० साली. तेथील कार्लोस फिन्ले या डॉक्टराने ते १८८१ मध्येच मांडले होते, पण कोणी मनावर घेतले नव्हते.

त्याला गुलामांबद्दलही विचारले गेले नाही. मोर्चे खोदण्यासाठी इंग्रजांनी कॅरिबियन बेटांतून विकत घेतलेले गुलाम आणले होते. दुसऱ्या बाजूला हवानाचे गुलाम स्वातंत्र्याच्या आशेने शहरासाठी लढले. त्यांपैकी काहींना पुढे स्पॅनिश सरकारने मुक्तही केले. इतिहासकार या काळ्या सैनिकांकडे आता कोठे नीट पाहू लागले आहेत.

आणि लुटीचा हिशेब. आकडे स्वच्छ उपलब्ध आहेत. पोकॉक आणि अल्बेमार्ल यांना प्रत्येकी १,२२,६९७ पौंड. ऑगस्टस केपेलला २४,५३९ पौंड. जहाजाच्या कप्तानाला सुमारे १,६०० पौंड. साध्या शिपायाला ४ पौंडांहून किंचित अधिक, आणि साध्या खलाशाला पावणेचार पौंड. तैलचित्रांची मालिका कोणत्या घराण्याने करवून घेतली, हे वर आलेच आहे.

आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी गोष्ट याच लुटीत आहे. जिंकलेल्या शहरातील चर्चच्या घंटा हा तोफखान्याचा हक्क, अशी जुनी लष्करी वहिवाट होती. कारण घंटेची धातू वितळवून तोफ होते. इंग्रज तोफखान्याच्या अधिकाऱ्याने हवानाच्या घंटांबद्दल मोठी खंडणी मागितली. बिशप पेद्रो आगुस्तिन मोरेल दे सान्ता क्रूस यांनी नाममात्र रक्कम देऊ केली. घासाघीस होऊन अल्बेमार्लने १०,००० पेसो ठरविले. पुढे इंग्रजांना आपल्या उपासनेसाठी चर्च हवे झाले, धर्मगुरूंच्या याद्या हव्या झाल्या. बिशप एकेका मागणीला पत्रांनी तोंड देत राहिले. वृद्ध माणूस, सत्तरीकडे झुकलेला. पण लेखणी थकली नव्हती. शेवटी नोव्हेंबर १७६२ मध्ये शिपायांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जहाजावर नेले आणि फ्लोरिडात हद्दपार केले. सान फ्रान्सिस्कोच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये इंग्रजांची उपासना होऊ लागली. अल्बेमार्लच्या पदरचा एक इंजिनिअर इलायस डर्नफर्ड याने काढलेल्या हवानाच्या दृश्यांत हे चर्च आहे. शांत चौक, मठाची लांब भिंत. आणि मथळ्यात त्या चौकाचे नाव ग्रॅन्बी चौक, एका इंग्रज सेनापतीवरून. हद्दपार बिशपांचा उल्लेख अर्थात नाही. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्रजांनी फ्लोरिडाच्या बदल्यात हवाना परत दिले आणि बिशप आपल्या धर्मप्रांतात परतले. येताना त्यांनी मधमाश्या आणल्या आणि क्यूबात मधाचा धंदा त्यांच्यापासून सुरू झाला, अशी तेथे आख्यायिका आहे.

घंटांचा विषय निघाला की आपल्याकडे वसईची आठवण निघणारच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा उत्तर कोकणातील चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. आम्ही मेणवलीची घंटा पाहिली आहे आणि ती पाहून मनात कालवाकालव झाली हे लपवीत नाही. मात्र हवानाची हकीकत वाचल्यावर एक गोष्ट उमगली. घंटा नेणे ही कोण्या एका धर्माची दुसऱ्यावरची खुन्नस नसून, ख्रिस्ती सैन्य ख्रिस्ती शहर घेई तेव्हाही हीच वहिवाट चाले. मराठ्यांनी निदान घंटा घंटाच ठेवल्या, वितळवल्या नाहीत.

कोकणाशी दुसरा धागा याहून सरळ आहे. हवानाचा सेनापती पोकॉक सहा वर्षे आधी आपल्याच किनाऱ्यावर होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली दुय्यम सेनापती म्हणून तो विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या 'घेरिया'वर, चालून आला. भूदलावर रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली, ती एकाला एक बांधलेल्या जहाजांवर पसरत गेली आणि कान्होजींच्या वेळेपासून दरारा असलेले ते आरमार एका संध्याकाळी जळून गेले. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांची लूट मिळाली. तिची वाटणी इंग्रज सेनानायकांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच आपापसांत ठरविली होती. मित्र म्हणून आलेल्या मराठ्यांचा त्यात वाटा नव्हता. या प्रसंगाचेही तैलचित्र आहे. ते ग्रीनविचच्या सागरी संग्रहालयात आहे, १७७१ सालचे, आणि ते रंगविणारा पुन्हा डॉमिनिक सेरेसच. शाळेच्या पुस्तकात तुळाजीचे नाव वाचणाऱ्या आपल्या मुलांना त्या संध्याकाळचे चित्र पाहायचे असेल, तर ते ओशच्या या पळपुट्या सेमिनरीयनाच्या डोळ्यांनीच पाहावे लागेल. आंग्र्यांच्या बाजूने त्या आगीचे चित्र काढणारा कोणी नव्हता.

हे सारे आम्ही आमच्या खलाशी पाहुण्यांना सांगितले. ते दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चहाला थांबतात. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांचे समाधान झाले नाही. "केंब्रिजच्या कप्तानाचं नाव तुम्ही सांगितलं. बाकीच्यांचं?" चित्रांत त्यांची नावे नाहीत, हे आम्हांला कबूल करावे लागले. पण ती हरवलेलीही नाहीत. त्या काळी इंग्रज आरमारातील प्रत्येक जहाजावर हजेरीचे पुस्तक ठेवावे लागे, पगार आणि शिधा यांच्या हिशेबासाठी. ही पुस्तके लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. खलाशाचे नाव, तो जहाजावर कधी चढला, आणि कधी उतरला. जो मेला त्याच्या नावासमोर डी.डी. अशी दोन अक्षरे. म्हणजे मृत्यूमुळे सेवेतून मुक्त.

पाहुणे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याही जहाजावर असं पुस्तक असायचं, फादर. माझं नाव आहे त्यात." आणि चष्मा लावून ते पुन्हा चौकटीपाशी गेले व त्या मुंगीएवढ्या आकृत्या एकेक करून मोजू लागले.